उष्टी हळद

घरात पोरीचं लग्न आणि परशुराम पडवीत बसून दुसऱ्याचं लाकूड घासतोय, हे बघून शेवंतीचं डोकं फिरलं नसतं तरच नवल. "अहो, मांडववाला येऊन गेला, आचारी येऊन गेला, आणि तुम्ही काय ते दांडकं कुरवाळत बसलाय?" असं ती दिवसातून कितीदा म्हणत असेल देव जाणे. परशुराम म्हणायचा, "झालंच." आणि पुन्हा काचकागद उचलायचा.

कोपरीतल्या त्यांच्या घराला पुढे पत्र्याची पडवी होती. तेच त्याचं दुकान. बापाचा धंदा मासेमारीचा. पण खाडीत काळं पाणी यायला लागलं, जाळ्यात बोयटांऐवजी फेस यायला लागला, तेव्हा बापानं होडी विकली आणि परशुराम पॉलिशच्या कामाला लागला. हात चांगला होता. ठाण्यातल्या वकिलांची टेबलं, डॉक्टरांची कपाटं, देव्हारे, पाळणे, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. भुताखेतांवर, नवसासायासांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. लाकडात ओल असते, कीड असते, नाहीतर गाठ असते, याच्यापलीकडे लाकडात काही नसतं, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

सत्याऐंशी सालचा वैशाख. उन्हानं पत्रा नुसता तडतडत होता. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास थेट चुलीपर्यंत यायचा.

लग्न जनाचं. एकुलती एक पोर, चोवीस वर्षांची. आधी दोन स्थळं ठरून मोडली होती. एक सुपारी फुटल्यावर मोडलं, तेव्हा जनाची अन्नावरची वासनाच उडाली होती. मग शहाडचा प्रभाकर बघायला आला. कारखान्यात फिटर, बुटका, गोल चेहऱ्याचा, हसरा. आल्या आल्या त्यानं स्वतःच्या पँटवर चहा सांडला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत सुटला. तो गेल्यावर जना संध्याकाळभर त्याची नक्कल करून हसत होती. पोरीला इतकं हसताना परशुरामनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हे लग्न त्याला हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. ही तिसरी खेप होती, आणि आता काही बिनसलं तर पोरगी पुन्हा उभी राहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि ते दांडकंही शहाडहूनच आलं होतं.

प्रभाकरच्या चाळीत धोंडीबा म्हणून एक निवृत्त हवालदार राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, आता वय झालेलं, पण पाठ अजून सरळ. कल्याणला माजी सैनिकांचा एक हॉल होता. तिथे काचेत ठेवायला त्यांना एक मोडीत निघालेली जुनी रायफल मिळाली होती, नळी कायमची बंद केलेली. लोखंड हॉलवरच होतं. धोंडीबा फक्त मागचा लाकडी दस्ता गोणपाटात गुंडाळून घेऊन आले होते. प्रभाकरचे होणारे सासरे पॉलिशकाम करतात असं कानावर आल्यावर आणखी कुठे कशाला जायचं, असं म्हणाले.

परशुरामनं गोणपाट सोडलं आणि त्याचे डोळे चमकले. अक्रोड! उभा जन्म सागवान आणि शिसवी घासण्यात गेला, अक्रोडाला हात लागणार कधी? वर मळाचा आणि जुन्या तेलाचा काळा थर होता, सगळीकडे ठोकरा लागलेल्या, पण खालच्या रेषा पाण्याच्या ओघळासारख्या वळत गेलेल्या.

"ठोकरा सगळ्या वर घेतो," तो म्हणाला. "ओला फडका टाकून गरम इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड फुगतं."

"बाकीच्या घ्या," धोंडीबा म्हणाले. "ह्यो तेवढा ऱ्हाऊ द्या."

दस्त्याच्या डाव्या अंगाला, वरच्या कडेखाली, तळहाताएवढा एक उथळ खळगा होता. ठोकर लागल्यासारखा नव्हे. कडा नाहीत, सगळीकडून उतरत गेलेला, गुळगुळीत.

"हा कसला?"

धोंडीबांनी दस्ता उचलून खांद्याला लावला. मान वाकडी करून उजवा गाल लाकडावर टेकवला. गाल खळग्यात बसेना. "माझा न्हाई बसत," ते म्हणाले. "त्याचं तोंड लांब होतं."

"कुणाचं?"

"ज्याची रायफल, त्याचं. माझ्याच तुकडीतला. बासष्ट साली वर बर्फात ऱ्हायला. रायफल तेवढी खाली आली." दस्ता त्यांनी हळूच फळीवर ठेवला. "लग्नाची रजा मंजूर होती त्याची."

गालानं कधी लाकूड झिजतं होय? परशुराम मनातल्या मनात हसला. कुणीतरी कानस मारली असणार. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला, शिवाय तो व्याह्यांच्या शेजारचा. "लग्नालाच घेऊन जा," तो म्हणाला. "तुम्ही येणारच आहात."

काम सरळ होतं. मळ खरवडला, ठोकरा वर घेतल्या, काचकागद मारला, जवसाचं तेल पाजलं. मग लाखेचं पॉलिश, कापसाच्या पुरचुंडीनं, हात गोल गोल फिरवत. सगळा दस्ता आरशासारखा निघाला. खळगा तेवढा चिकट राहिला.

उन्हात ठेवला, तरी चिकट. पुसून पुन्हा लावलं, तरी चिकट. तिथे बोट टेकवलं की बोट ओलं व्हायचं. ओल कसली आहे ते जिभेवर बघायची पॉलिशवाल्यांची एक खोड असते. परशुरामनं बोट जिभेला लावलं. खारट.

खाडीची हवा, तो स्वतःशी म्हणाला. पण खाडीची हवा काय फक्त तळहाताएवढ्या जागेवर बसते?

असलं काम परत देणं त्याच्या रक्तात नव्हतं. धोंडीबांनी सांगितलेलं बाजूला ठेवून त्यानं खळग्यावर ओला फडका टाकला आणि इस्त्री टेकवली. वाफ आली. लाकूड फुगून वर आलं, पट्टी लावून पाहिली तर सपाट. त्याला बरं वाटलं. जेवून, हात धुवून परत आला तर खळगा जिथल्या तिथे. पुन्हा फडका, पुन्हा इस्त्री. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खळगा. त्यानं काचकागद जोरात ओढून पाहिला. तेव्हा त्याच्या हाताला आणखी एक गोष्ट कळली. खालून वर हात फिरवला की तिथलं लाकूड खरखरीत लागायचं. वरून खाली फिरवला की गुळगुळीत. लाकडाच्या रेषेचा तसा काही संबंध नव्हता, रेषा आडवी होती. सकाळी केलेली दाढी संध्याकाळी हाताला लागते तसं ते लागत होतं.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. याद्या करायला बसला की उठायचा. पाहुण्यांशी बोलता बोलता पडवीत जाऊन यायचा. दस्ता फळीवर आहे तसा असायचा, आणि तरी आपण काहीतरी उघडं टाकून आलोय असं त्याला वाटत राहायचं. शेवंती म्हणाली, "पोरीचा बाप असाच होतो लग्नात, रडून घ्या एकदा मोकळेपणी." तो तिच्यावर उगीचच खेकसला आणि मग त्याला वाईट वाटलं.

एका दुपारी जना पडवीत आली. बांगड्या भरून झालेल्या, हात हिरवेगार. ती फळीला टेकून उभी राहिली.

"बाबा, दाढीचा साबण नवीन आणलात का? छान वास येतोय."

परशुराम न्हाव्याकडे दाढी करायचा. घरात दाढीचा साबणच नव्हता.

"स्पिरिटचा वास असेल," तो म्हणाला. "जा आत, उन्हाची उभी राहू नकोस."

ती गेली नाही. तशीच उभी राहिली, मान जराशी डावीकडे कललेली, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी. त्यानं दोनदा हाक मारली तेव्हा दचकली आणि हसत आत पळाली.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात बायकांची ही गर्दी, ढोलकीवाला जमलेला, उखळात मुसळ पडतंय. रीत सगळ्यांना ठाऊक असलेली: हळद आधी नवऱ्याला लागते, आणि त्याची उरलेली, उष्टी हळद वाटीत घालून वाजतगाजत नवरीकडे आणतात. ती लावली की नवरी त्याची झाली. शहाडची माणसं टेम्पोनं निघाली होती, पण कळव्याच्या पुलावर कुठेतरी अडकली होती. सगळे वाट बघत होते.

आणि त्यांच्या घराण्याची म्हणून आणखी एक रीत होती. नवरीला हळद लागण्याआधी घरच्या हळदीचं एक बोट होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लावायचं. ज्या लाकडानं पोसलं त्याचा पहिला मान. होडी विकल्यापासून हे बोट आढ्याला टांगलेल्या वल्ह्याला लावत. पण मागच्या पावसाळ्यात ते वल्हं वाळवीनं खाल्लं आणि शेवंतीनं ते चुलीत घातलं होतं.

"मंग आता कशाला लावशील?" परशुरामची आई दगडाबाई खाटेवरून म्हणाली. तिला दिसत कमी होतं, पण रीत चुकलेली बरोबर दिसायची. "लाकूड पायजे परशा. तुज्या हातानं तेल पाजलेलं पायजे."

"आये, आता होडी कुठून आणू?"

"मना नाय ठावं. नुसतीच हलद लावाल तर मी पोरीच्या अंगाला हात लावू देनार नाय."

म्हातारी हट्टाला पेटली की कुणाचं चालायचं नाही. परशुराम हळदीची वाटी घेऊन पडवीत आला. एरवी पडवीत पाय ठेवायला जागा नसायची, पण लग्नासाठी सगळी कामं पोचती केलेली. कपाट नाही, पाट नाही, खुर्ची नाही. त्याच्या हातचं तेल प्यालेलं एकच लाकूड तिथे होतं.

त्याला हसूच आलं. चला, हवालदारांची होडी, असं काहीतरी तो पुटपुटला आणि बोट बुडवून दस्त्याला लावलं. कुठे लावावं हा विचारही केला नाही. हात आपोआप त्या खळग्यावर गेला.

हळद दिसेनाशी झाली. तापल्या वाळूवर पाणी पडावं तशी लाकडानं ती शोषून घेतली. त्यानं आणखी एक बोट लावलं. तेही गेलं. मग त्याला काय झालं कोण जाणे, त्यानं चार बोटं भरून घेतली आणि माणसाच्या गालाला लावावी तशी, खालून वर, हळद चोळली. बोटांना खरखर लागली. लाकूड गरम होतं.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "आले, आले!" ढोलकी सुरू झाली. शेवंती धावत पडवीत आली, "वाटी द्या, वाटी द्या, मुहूर्त टळतोय," आणि त्याच्या हातातली वाटी हिसकून घेऊन गेली.

आलेली माणसं शहाडची नव्हतीच, भिवंडीचे पाहुणे होते. हे कळेपर्यंत बायकांनी गाणं धरलं होतं. शेवंतीला वाटलं शहाडची वाटी आली आणि परशुरामच्या हातात दिली. बायकांना वाटलं शेवंतीनं आणली म्हणजे तीच. जनाच्या दोन्ही गालांना हळद लागली, हातापायांना लागली, वाटी पुसून झाली.

शहाडचा टेम्पो आला तेव्हा जना पिवळीधमक होऊन पाटावर बसली होती. प्रभाकरची आत्या हातात झाकलेली वाटी घेऊन पुढे आली आणि थबकली.

"अगं बाई, आमची उष्टी यायच्या आधीच? मग ही कुणाची उष्टी लावलीत पोरीला?"

मांडव हसला. आत्याही हसली. "असू दे गं, एवढ्या उकाड्यात रुसायचं कुणी!" म्हणून तिनं आपली वाटी उघडली.

परशुराम पडवीच्या दारात उभा होता. त्याच्या हाताला अजून पिवळा रंग होता. त्याला हसू आलं नाही.

आत्यानं जनाच्या उजव्या गालाला हळद लावली. ती बसली. डाव्या गालाला लावली. ती सुकून, पापुद्रे होऊन, पदरावर गळली. आत्यानं पुन्हा लावली. पुन्हा गळली.

"पातळ झालीय," आत्या म्हणाली.

परशुराम आत वळला आणि दस्ता उचलला. हळदीचा कुठे डागसुद्धा नव्हता. त्यानं डाव्या अंगावरून तळहात फिरवला. मग पट्टी आणून लावून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली.

खळगा गेला होता.

लाकूड सपाट होतं, कोरडं होतं, गार होतं. पॉलिश खणखणीत वाळलं होतं. इतके दिवस जे करायला तो धडपडत होता ते आपसूक झालं होतं.

त्यानं शेवंतीला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. सांगताना ते त्याचं त्यालाच वेडगळ वाटत होतं. शेवंती ऐकून घेत होती, आणि तिचा चेहरा घट्ट होत गेला.

"मोडायचंय का तुम्हाला हेही? तिसऱ्यांदा?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "लाकडाला हळद लावली म्हणून? कुणाला सांगाल हे? प्रभाकरला?"

जनाशी तरी बोलावं म्हणून तो तिच्यापाशी गेला. ती अंघोळ करून खिडकीत केस वाळवत बसली होती. पोरगी इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

"बाय, खूश आहेस ना?"

"हो बाबा." तिनं मान कलती केली, डावीकडे. "किती उशीर केला ना त्यांनी यायला."

"शहाडच्यांनी?"

जना नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला. प्रभाकर घामाघूम, आनंदानं लाल झालेला. जनानं हार उचलला तो उंच, खूप उंच, त्याच्या डोक्यावर हातभर. तिची नजरही तिथेच होती. प्रभाकरला वाटलं ती चेष्टा करतेय. तो टाचा उंचावून, मान वर काढून उभा राहिला आणि पोट धरून हसला. मांडवही हसला. जनानं खाली पाहिलं, प्रभाकर दिसल्यावर गोंधळली, आणि हार त्याच्या गळ्यात टाकला.

जेवणाच्या पंगती उठल्यावर परशुरामनं गोणपाटात बांधलेला दस्ता धोंडीबांच्या हाती दिला. त्यांनी तिथेच सोडला. चकाकी बघून मान डोलावली, आणि मग अंगठा डाव्या अंगावर फिरवला. एकदा. दोनदा.

"गाल काढलात?"

"नाही," परशुराम म्हणाला. "गेला."

"कुठं गेला?"

परशुरामनं मांडवाकडे पाहिलं, जिथे जना बसली होती. धोंडीबांनीही पाहिलं. मग त्यांनी दस्ता गोणपाटात गुंडाळला, सावकाश.

मुलीच्या बापानं वरातीबरोबर सासरी जायची रीत नाही. परशुराम गेला. शेवंतीनं हाताला धरून ओढलं, लोक काय म्हणतील म्हणाली, तरी टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. त्याला पोरीवरून नजर काढवत नव्हती. वाटेत प्रभाकर तिला काहीबाही सांगून हसवायला बघत होता. ती ऐकत होती, पण त्याच्याकडे वळून नव्हे.

शहाडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. चाळीतल्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. दाराशी तांदळाचं माप मांडलेलं. प्रभाकर उजव्या हाताला, जना त्याच्या डावीकडे, त्याच्या उपरण्याची आणि तिच्या शेल्याची गाठ मारलेली. प्रभाकरच्या धाकट्या बहिणीनं दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"नाव घे वहिनी. त्याशिवाय आत सोडणार नाही."

लाजणं नाही, अडखळणं नाही. जनानं लगेच घेतलं, स्पष्ट आवाजात:

"खाडीवरून आली गार गार हवा,
सखारामरावांच्या घरी लावते पहिला दिवा."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बायका खिदळल्या.

"अगं, घाबरली बिचारी! प्रभाकर म्हण, प्रभाकर!"

"सखाराम कोण गं वहिनी?" नणंद हसत म्हणाली.

"कोण म्हणजे?" जना म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. तिनं डावीकडे, वर पाहिलं, आणि नवी नवरी लाजते तशी आत्ता लाजली. "हेच की."

प्रभाकरचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं तिच्या डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्यानं परशुरामकडे पाहिलं, लहान मुलासारखं, मोठ्या माणसानं काहीतरी सांगावं म्हणून. परशुरामला रडू फुटत होतं.

मागे गोणपाट जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

धोंडीबा ताठ उभे होते. हात पँटच्या शिवणीला लागलेले, हनुवटी वर, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलत नव्हते. ते जनाकडे बघत नव्हते. तिच्या डोक्याच्या जरा वर, डावीकडे बघत होते.

"जना," परशुराम ओरडला. "जना, थांब!"

नणंदेनं नकळत हात खाली घेतले. दार मोकळं झालं.

माप लवंडलं. जनाचा पाय अजून उचललासुद्धा नव्हता. तांदूळ घरात सांडले.

तेव्हा परशुरामचं लक्ष गाठीकडे गेलं. प्रभाकरचं उपरणं त्याच्या खांद्यावरून नुसतंच लोंबत होतं, टोक मोकळं. गाठ तशीच होती, जनाच्या शेल्याला. ती खाली लोंबायला हवी होती.

शेला दारातून आत, छातीइतक्या उंचीवर, ताणलेला होता. एक हलकासा हिसका बसला, आणि जना हसत त्याच्यामागून आत गेली.